कार्डात जागा दिसते, तरी ॲप्लेट बसत नाही: मेमरीचा अंदाज कसा काढायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं असेल तर सांगा. कॉलेजच्या ओळखपत्रासाठी तुम्ही ८० केबीचं जावा कार्ड, म्हणजे आत चिप असलेलं आणि ॲप्लेट नावाचे छोटे प्रोग्राम चालवणारं कार्ड, घेतलंय. त्यावर हजेरी आणि लायब्ररीचं एक ॲप्लेट आधीच चालू आहे. आता कँटीनच्या पाकिटाचं दुसरं बसवायचंय, त्याची कॅप फाइल (कार्डावर चढवायची ॲप्लेटची फाइल) २१ केबीची आहे. लोड नीट होतं, पण इन्स्टॉलच्या वेळी कार्ड ६ए८४ देतं, म्हणजे ‘मेमरी पुरत नाही’. मोकळी मेमरी विचारली की उत्तर येतं ३२७६७. लोड-इन्स्टॉलच्या आज्ञांत जागेचे आकडे द्यायला टॅग असतात: सी६ कोडसाठी, सी७ रॅमसाठी, सी८ कायमच्या डेटासाठी. त्यातल्या सी८ मध्ये तुम्ही आधी ४ केबी आणि मग १६ केबी भरून पाहिलं, फरक पडला नाही. म्हणून तुम्ही विचारताय की सी६, सी७ आणि सी८ चे आकडे काढायचं काही सूत्र आहे का.

सूत्र आहे, पण ते अर्ध्या वाटेपर्यंतच नेतं. पुढची वाट कार्डावरच मोजावी लागते. मी नागपुरात गेली बरीच वर्षं हेच काम करतोय. हॉस्टेलच्या मेसची कार्डं केली, गृहसंकुलांच्या गेटची केली, एका कारखान्याच्या हजेरीची केली. या सगळ्यांत मेमरीच्या तक्रारी घेऊन आलेल्या जवळपास प्रत्येकाने एकच चूक केलेली असते: ‘मेमरी’ ही एकच गोष्ट आहे असं धरून एकच बेरीज केलेली असते. कार्डात तीन वेगळी खाती आहेत आणि एका खात्यातली शिल्लक दुसऱ्याला वळती होत नाही. ॲप्लेटचा कोड, त्याचा कायम राहणारा डेटा, आणि रॅम. म्हणजे तुमचा खरा प्रश्न ‘किती केबी लागतील’ हा नाहीच. तीनपैकी कोणतं खातं संपलं आणि नेमकं कोणत्या क्षणी संपलं, हे शोधायचंय.

तुमच्या वर्णनातून एक गोष्ट लगेच कळते. लोड पार पडलं, म्हणजे कोड कार्डावर बसला. तिथे कार्डाची ना नाही. अडलंय ते इन्स्टॉलला, जिथे ॲप्लेटचा इन्स्टॉल मेथड चालतो आणि तुमचे सगळे ‘न्यू’ आणि रॅममधले अ‍ॅरे एकामागून एक तयार होतात. राहिली दोन खाती, डेटा आणि रॅम. तुमचा कोड मी पाहिलेला नाही, तरी माझा संशय रॅमवर आहे. त्याचं कारण पुढे येईलच, पण आधी ते ३२७६७ बाजूला करू, कारण तो आकडा तुम्हाला फसवतोय.

मोकळी मेमरी विचारायचा जो जुना मेथड आहे, जेसीसिस्टिममधला गेट-अव्हेलेबल-मेमरी, तो ‘शॉर्ट’, म्हणजे १६ बिटांची संख्या, परत करतो. शॉर्टमध्ये मावणारी सगळ्यात मोठी संख्या ३२७६७. त्यापेक्षा जास्त जागा मोकळी असेल तर मेथड तिथेच थांबतो. वजनकाट्याचा काटा शेवटच्या रेघेला टेकून उभा राहावा तसं हे आहे. तुमच्या कार्डात ३३ केबी मोकळे असतील किंवा ६० असतील, उत्तर एकच येणार. याचा दुसरा तोटा मोठा आहे. काही बसवण्याआधी मोजलं आणि बसवल्यावर पुन्हा मोजलं, तर दोन्ही वेळा ३२७६७ येतं आणि वजाबाकी शून्य होते. मग माणूस समजतो की आपलं ॲप्लेट काही जागाच घेत नाही.

यातून सुटायचे तीन मार्ग आहेत. कार्ड जावा कार्ड ३.०.४ किंवा त्यापुढचं असेल तर याच मेथडचा दुसरा प्रकार मिळतो. तो दोन शॉर्टच्या अ‍ॅरेत ३२ बिटांचा आकडा भरून देतो. दुसरा मार्ग कार्डाच्या व्यवस्थापकालाच विचारायचा: गेट डेटा आज्ञा, टॅग एफएफ२१, म्हणजे ८० सीए एफएफ २१ ००. हा टॅग मोबाइलच्या सिमकार्डांच्या मानकातून, ईटीएसआयच्या १०२ २२६ मधून आलाय. उत्तरात ८१ मध्ये बसवलेल्या ॲप्लेटांची संख्या, ८२ मध्ये मोकळी कायमची मेमरी आणि ८३ मध्ये मोकळी रॅम येते. सगळी कार्डं हा टॅग ओळखत नाहीत, पण विचारायला काही लागत नाही. तिसरा मार्ग गावठी आहे आणि माझ्याकडच्या जुन्या कार्डांवर मी तोच वापरतो. एक छोटं मोजणी ॲप्लेट लिहायचं आणि त्याला १६,००० बाइटांचे भरताड अ‍ॅरे घ्यायला लावायचं, उत्तर ३२७६७ च्या खाली येईपर्यंत. एकदा काटा हलायला लागला की त्यानंतरची प्रत्येक वजाबाकी खरी. काम झालं की मोजणी ॲप्लेट पॅकेजसकट काढून टाकायचं, भरताडही त्याच्याबरोबर जातं.

आता एकेक खातं. कोडचं खातं तुमच्यापुरतं सुटलेलं आहे, पण सी६ विचारलाय म्हणून सांगतो. डिस्कवरचे २१ केबी विसरून जा. कॅप फाइल ही आतून जार असते, म्हणजे दाबून बांधलेली झिप. कुरडई वाळलेली असताना डब्यात किती जागा घेते यावरून तळल्यावर परात किती मोठी लागेल ते ठरत नाही, तसंच हे. उलट बाजूही आहे: त्या डब्यातलं सगळंच कढईत जात नाही. फाइल उघडून पाहिलीत तर आत हेडर, डिरेक्टरी, ॲप्लेट, इंपोर्ट, कॉन्स्टंट पूल, क्लास, मेथड, स्टॅटिक फील्ड, रेफरन्स लोकेशन, एक्स्पोर्ट, डिस्क्रिप्टर, डीबग असे घटक दिसतील. डिस्क्रिप्टर आणि डीबग हे दोन सहसा कार्डावर पाठवले जात नाहीत. बाकी घटकांचे उघडल्यानंतरचे आकार मिळवा, ती बेरीज सी६ साठी चालते. डिरेक्टरी घटकात प्रत्येकाचा आकार नोंदलेला असतो, म्हणून हातानेही करता येतं. कार्डावर जोडणी झाल्यावर रेफरन्स लोकेशनसारखा भाग टाकून देता येतो, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी जागा लागू शकते. पण लोड चालू असताना तो भागही कुठेतरी ठेवावाच लागतो, म्हणून अंदाजात तो धरा.

कोडच्या खात्यातली एक जागा मात्र नक्की तपासा, कारण ती नवीन लिहिणाऱ्यांकडून हमखास सुटते. तक्ते. २५६ बाइटांचा एखादा तक्ता तुम्ही कन्स्ट्रक्टरमध्ये महिरपी कंसात लिहून भरला असेल, तर कंपायलर तो तक्ता म्हणून ठेवत नाही. प्रत्येक बाइटासाठी तो सूचना लिहितो: अ‍ॅरेचा संदर्भ घे, क्रमांक घे, किंमत घे, टाक. एका बाइटामागे साधारण सहा बाइटांचा कोड. म्हणजे २५६ बाइटांच्या तक्त्याला दीड हजारांहून जास्त बाइट कोड, आणि शिवाय अ‍ॅरेची स्वतःची जागा. तोच तक्ता ‘स्टॅटिक फायनल’ म्हणून जाहीर केला की तो स्टॅटिक फील्ड घटकात जसाच्या तसा बसतो, बाइटामागे एक बाइट. आमच्याकडे शिकायला आलेला एक मुलगा दोन दिवस हैराण होता. “सर, एवढंसं ॲप्लेट, काहून नाही बसत?” म्हणून विचारायचा. फाइल उघडून मेथड घटकाचा आकार पाहिला तेव्हा उलगडलं. असे तीन तक्ते त्याने कन्स्ट्रक्टरमध्ये भरले होते.

डेटाचं खातं कागदावर मांडता येतं आणि मांडावंच. तुमच्यासारख्या पाकिटासाठी मी काय मांडलं असतं ते दाखवतो. व्यवहारांची नोंद ६० ओळी, प्रत्येकी २० बाइट, झाले १,२००. फोटो ठेवत असाल तर ४ केबी, म्हणजे ४,०९६. आरएसए २०४८ ची खाजगी किल्ली सीआरटी रूपात पाच भागांची, प्रत्येक भाग १२८ बाइट, म्हणून ६४०. सार्वजनिक किल्ली २५६ अधिक घातांकाचे ३, झाले २५९. प्रमाणपत्राला हजारभर धरा. नाव, प्रवेश क्रमांक, पिन, शिल्लक, मोजण्या मिळून २००. एकूण ७,४०० च्या आसपास.

हा तळ आहे. कार्ड याच्या खाली येणार नाही, वर किती जाईल ते तुमच्या लिहिण्यावर आणि कार्ड कोणाचं आहे त्यावर. प्रत्येक ऑब्जेक्टला आणि प्रत्येक अ‍ॅरेला कार्ड स्वतःचं एक शीर्षक जोडतं, त्यात मालक कोण, प्रकार कोणता, लांबी किती असं असतं. ते किती बाइटांचं असावं हे मानकात ठरवलेलं नाही, प्रत्येक उत्पादक आपापलं ठरवतो. शिवाय जागा चार-चार किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांत दिली जाते, म्हणून १७ बाइट मागितले तरी २० जातात.

म्हणूनच त्या ६० नोंदी कशा लिहिल्यात याला महत्त्व आहे. संगणकावरच्या जावाची सवय असलेला माणूस ‘व्यवहार’ नावाचा क्लास करतो, त्यात २० बाइटांचा अ‍ॅरे ठेवतो आणि अशा ६० वस्तूंचा अ‍ॅरे करतो. झाल्या १२० नव्या गोष्टी. शीर्षक ८ बाइटांचं धरलं तरी ९६० बाइट त्यातच गेले, आणि संदर्भ दोन-दोन बाइटांचे धरले तर त्यांचे २४०. मूळ डेटा १,२०० बाइटांचा, वरचा खर्चही १,२०० चा. तेच १,२०० बाइटांच्या एका सपाट अ‍ॅरेत ठेवलं आणि ‘नोंद क्रमांक गुणिले वीस’ असं सरकत गेलं, तर शीर्षक एकच लागतं. दिसायला कोड कमी देखणा होतो हे कबूल. पण कार्डावर मी कायम सपाट अ‍ॅरेच वापरत आलोय आणि त्याचा पश्चात्ताप कधी झालेला नाही.

आता रॅम, म्हणजे तुमचा सी७. इथे वेळ घेतो, कारण घोळ इथेच आहे असं मला वाटतं.

जुन्या ८० केबीच्या कार्डांत रॅम मोजक्या केबींची असते, आणि तीही सगळी तुमची नाही. त्यातूनच कार्डाची स्वतःची कामं चालतात, मेथडचा स्टॅक लागतो, एपीडीयूचा (रीडर आणि कार्ड यांच्यातल्या आज्ञा-उत्तरांचा) बफर लागतो, एन्क्रिप्शन करणाऱ्या चिपला कच्ची जागा लागते. ॲप्लेटांच्या वाट्याला जे उरतं त्याचे दोन प्रकार: क्लिअर-ऑन-रीसेट आणि क्लिअर-ऑन-डीसिलेक्ट. नावावरून वाटतं की फरक फक्त कधी पुसायचं याचा आहे. मेमरीच्या हिशेबात फरक त्याहून फार मोठा आहे.

रीसेटवाली रॅम म्हणजे प्रत्येकाचं स्वतःचं घर. ॲप्लेट निवडलेलं असो वा नसो, ती जागा त्याच्याच नावावर राहते. तीन ॲप्लेटांनी प्रत्येकी ५१२ बाइट घेतले तर १,५३६ गेले, चौथ्याने घेतले तर आणखी. डीसिलेक्टवाली रॅम म्हणजे मंगल कार्यालयाचा हॉल. आज एकाचं लग्न, उद्या दुसऱ्याचं. ॲप्लेट बदललं की हॉल झाडून पुढच्याला दिला जातो. म्हणून कार्डाला सगळ्यांची बेरीज करावी लागत नाही, सगळ्यात मोठ्या लग्नाला पुरेल एवढा हॉल झाला की भागतं. तीन ॲप्लेटांचे ५१२ मिळून ५१२ च. एकाच वेळी अनेक लॉजिकल चॅनेल (कार्डाशी समांतर चालणारे संवाद) वापरत असाल तर प्रत्येक चॅनेलला आपापला हॉल लागू शकतो, पण कॉलेजच्या कँटीनमधल्या साध्या रीडरला तो प्रश्न येत नाही.

माझा तर्क असा. हजेरीच्या पहिल्या ॲप्लेटने आपले कामचलाऊ बफर रीसेटच्या रॅममध्ये घेऊन ठेवलेत. बहुतेक नमुना कोडांमध्ये तसंच असतं आणि आपण तिथूनच उचलतो. एकटं असेपर्यंत त्याचं सुरळीत चाललं. आता पाकीट आलं, त्यानेही तशीच जागा मागितली, आणि रॅमचं खातं संपलं. कायमच्या मेमरीत ३० केबी मोकळे असले तरी त्याने काही साधत नाही.

हे तपासायला अर्धा तास पुरे. पाकिटाच्या कोडमधले रॅमचे सगळे अ‍ॅरे तात्पुरते १६-१६ बाइटांचे करा आणि बसवून पाहा. ॲप्लेट चालणार नाही, न चालो. बसलं तर दोष रॅमचा, हे नक्की झालं. नाही बसलं तर ते अ‍ॅरे पूर्ववत करा आणि कायमच्या डेटाचे मोठे अ‍ॅरे निम्मे करून पाहा. इन्स्टॉल मेथडमध्ये सिस्टिम एक्सेप्शन पकडून त्याचं कारण पाहता येतं: २ म्हणजे रॅम संपली, ५ म्हणजे साधनं कमी पडली. पण इन्स्टॉलमधून फेकलेला कोड सगळी कार्डं बाहेर जसाच्या तसा पोहोचवत नाहीत. एकाच चुकीला एक कार्ड ६ए८४ म्हणतं, दुसरं ६एफ०० आणि तिसरं ६९८५. म्हणून मी निम्मं-निम्मं करत जाण्यावर जास्त भरवसा ठेवतो.

दोष रॅमचा निघाला तर दोन्ही ॲप्लेटांचे कामचलाऊ बफर डीसिलेक्टच्या बाजूला हलवा. एक अट सांभाळा. डीसिलेक्टवाला अ‍ॅरे त्याच ॲप्लेटला मिळतो जे त्या क्षणी निवडलेलं आहे. हजेरीचं ॲप्लेट निवडलेलं असताना त्याने शेअरेबल इंटरफेसमधून पाकिटाला हाक मारली, तर पाकिटाला स्वतःच्या हॉलचं दार बंद मिळतं आणि एक्सेप्शन येतं. तुमच्याकडे असा आपसातला व्यवहार असेल तर तेवढ्यापुरता छोटा बफर रीसेटमध्ये ठेवा, बाकी सगळं हलवा. आणि एपीडीयूचा बफर तर आयता पडलेला असतो. उत्तर तिथेच तयार करता आलं तर वेगळे ५१२ बाइट घ्यायचेच कशाला? रॅम वाचवायची म्हणून कामचलाऊ बफर कायमच्या मेमरीत ठेवणारेही भेटतात. ते करू नका. ईईप्रॉमला, म्हणजे त्या कायमच्या मेमरीला, लिहायला वेळ लागतो आणि तिच्या प्रत्येक पानाचं आयुष्य ठरावीक लेखनांचं असतं. रोज घासली जाणारी जागा आधी मरते.

आतापर्यंतचं थोडक्यात: लोड झालं म्हणजे कोडचं खातं ठीक, ३२७६७ ही मोजणी नव्हे, डेटाचा तळ कागदावर काढता येतो, आणि संशय रॅमवर, कारण दोन ॲप्लेटं एकाच छोट्या खात्यातून घेतायत.

आता ते टॅग. तुम्ही सी८ वाढवून पाहिलात आणि फरक पडला नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही. ग्लोबल प्लॅटफॉर्म हे कार्डावर ॲप्लेट बसवण्या-काढण्याचं मानक, त्याच्या २.२ आवृत्तीत याच अक्षरांचे दोन अर्थ आहेत. इन्स्टॉल-फॉर-लोडमध्ये सी६, सी७ आणि सी८ म्हणजे ‘निदान इतकी जागा हवी’. कार्ड तेवढी मोकळी आहे का ते पाहतं, नसेल तर दारातच नाही म्हणतं. तिथे आकडा फुगवला तर काही पदरात पडत नाही, उलट नकार लवकर मिळतो. इन्स्टॉल-फॉर-इन्स्टॉलमध्ये मात्र सी७ आणि सी८ म्हणजे मर्यादा, ‘याच्यापेक्षा जास्त घेऊ देऊ नका’. तिथे आकडा लहान दिला तर कार्ड रिकामं असूनही ॲप्लेट अडतं. जागा खरोखर राखून ठेवायची असेल तर त्यासाठी डी७ आणि डी८ हे वेगळे टॅग आहेत. कार्ड जुन्या २.१.१ चं असेल तर भाषा आणखी वेगळी. आणि हे सगळं व्यवस्थापन ऐच्छिक असल्यामुळे काही कार्डं हे टॅग वाचून सरळ सोडून देतात.

म्हणून माझी पद्धत अशी: प्रयोग चालू असताना इन्स्टॉलमध्ये सी७ आणि सी८ देतच नाही. ॲप्लेटला हवं तेवढं घेऊ देतो आणि मोजतो. मोजून झाल्यावर, कार्डावर इतर कोणाची ॲप्लेटंही असतील तरच मर्यादा लावतो. लिहायची रीत: आधी सी९ आणि त्यात तुमचे पॅरामीटर, नसतील तर लांबी शून्य, मग ईएफ च्या पोटात बाकीचे. ८,१९२ बाइटांची मर्यादा अशी दिसेल: सी९ ०० ईएफ ०४ सी८ ०२ २० ००. ३२,७६७ पर्यंतचा आकडा दोन बाइटांत, त्यापुढचा चार बाइटांत. ही चूक मी इतरांच्या स्क्रिप्टांत पाहिली आहे: ४० केबी दोन बाइटांत कोंबलेले, आणि कार्ड ते काहीतरी भलतंच समजलेलं.

मोजताना क्रम पाळा. कार्ड रीसेट करा, मोजणी ॲप्लेटकडून तिन्ही आकडे घ्या: कायमची, रीसेटची, डीसिलेक्टची. पाकीट लोड करा, पुन्हा मोजा. ही कोडची खरी किंमत. इन्स्टॉल करा, पुन्हा मोजा. ही एका प्रतीची किंमत. मग किल्ल्या, फोटो, नाव सगळं भरा आणि चौथ्यांदा मोजा. हा चौथा टप्पा लोक गाळतात. किल्लीचं ऑब्जेक्ट तयार झालं तेव्हाच पूर्ण जागा घेणारी कार्डं आहेत आणि किंमत भरताना घेणारीही. एकाच पॅकेजच्या दोन प्रती बसवणार असाल, समजा कँटीनचं एक आणि झेरॉक्सचं एक पाकीट, तर कोड एकदाच लागतो आणि डेटा दुप्पट. संगणकावरच्या सिम्युलेटरने दिलेले मेमरीचे आकडे या हिशेबात धरू नका. तो तर्क तपासायला उत्तम आहे, जागा मोजायला नाही.

पाचवी मोजणी महिनाभराने. हे मी एका कामात शिकलो. हॉस्टेलच्या मेसची कार्डं होती, ॲप्लेट दुसऱ्या कोणी लिहिलेलं, माझ्याकडे फक्त बसवणं आणि वाटणं. जुलैत वाटली, सगळं छान. दिवाळीच्या सुट्टीआधी एकेक कार्ड बंद पडायला लागलं, आणि गंमत म्हणजे जी मुलं तिन्ही वेळा मेसमध्ये जेवायची त्यांची आधी. कोड मागवून वाचला तर प्रत्येक व्यवहाराला ‘न्यू’ ने ६४ बाइटांची पावती तयार होत होती, वापरून सोडून दिली जात होती. संगणकावरच्या जावात असा कचरा आपोआप झाडला जातो. कार्डावर नाही. तिथे ऑब्जेक्ट डिलीशनची सोय ऐच्छिक आहे, आणि असली तरी रिक्वेस्ट-ऑब्जेक्ट-डिलीशन म्हणून आपल्याला सांगावं लागतं. शीर्षकासकट पावती सत्तरेक बाइटांची, मोकळे २० केबी, दिवसाला तीन व्यवहार. तीन महिन्यांत खातं संपणारच होतं. रांगेत ताट घेऊन उभ्या मुलाचं कार्ड चालत नाही तेव्हा त्याला जे वाटतं ते मी समोर पाहिलंय, आणि म्हणून या एका मुद्द्यावर मी कोणालाच सूट देत नाही: प्रोसेस मेथडमध्ये, म्हणजे प्रत्येक आज्ञेला चालणाऱ्या मेथडमध्ये, ‘न्यू’ दिसलं की कोड परत. जे लागणार ते इन्स्टॉलमध्येच घ्यायचं. मग इन्स्टॉल झालं म्हणजे आयुष्यभराची जागा मिळाली असं छातीठोक म्हणता येतं.

कार्ड खरेदीबद्दलही सांगतो, कारण कॉलेजला पुढे मोठी खरेदी करायची असेल. पत्रकावरचे ८० केबी म्हणजे चिपमधली कायमची मेमरी. त्यातून आधीच बसवलेली ॲप्लेटं, सुरक्षा डोमेन आणि त्यांच्या किल्ल्या वजा होतात. एकदा नमुन्याच्या कार्डावर सगळं चोख बसलं आणि नंतर आलेल्या गठ्ठ्यातल्या कार्डांवर बसेना. मॉडेलचं नाव तेच. फरक इतकाच की गठ्ठ्यातल्या कार्डांत मायफेअर या दुसऱ्या जातीच्या संपर्करहित कार्डाची नक्कल चालू करून दिली होती आणि तिने त्याच मेमरीतून आपला वाटा घेतला होता. विक्रेत्याने लबाडी केली असं नाही, आम्हीच ऑर्डरमध्ये लिहिलं नव्हतं. तेव्हापासून ऑर्डरमध्ये मी ‘८० केबीचं कार्ड’ असं लिहीत नाही. ‘हाती येताना कायमची मेमरी निदान इतके बाइट मोकळी, रीसेटची रॅम निदान इतके बाइट मोकळी’ असं लिहितो आणि आलेल्या गठ्ठ्यातली दहा कार्डं मोजून मगच पैसे देतो.

किती जादा जागा ठेवावी? माझा ठोकताळा डेटाला मोजलेल्याच्या वर २० टक्के. कोडला मात्र मी अपग्रेडच्या दिवसाचा हिशेब करतो. पुढच्या वर्षी पाकिटाची नवी आवृत्ती आली तर जुनं काढून नवं बसवावं लागेल, आणि जुनं काढलं की त्यातली शिल्लक गेली. शिल्लक सर्व्हरवर असेल तर बिघडत नाही, पुन्हा भरता येते. ती फक्त कार्डावरच असेल तर जुनं आणि नवं काही काळ शेजारी-शेजारी नांदावं लागेल, नव्याने जुन्याकडून शिल्लक घ्यावी लागेल आणि मग जुनं जाईल. म्हणजे त्या दिवशी कोड दोनदा, डेटा दोनदा, आणि रीसेटची रॅमही दोनदा. तुमचं कार्ड तो दिवस झेलू शकतं का ते आत्ताच पाहून ठेवा. नसेल तर शिल्लक सर्व्हरवर ठेवायचा निर्णय आज घेणं सोपं आहे, दोन हजार मुलांच्या हातात कार्डं गेल्यावर नाही.

तर आधी १६ बाइटांचा तो प्रयोग करा. सोबत मोजणी ॲप्लेटने दिलेले रॅमचे दोन आकडे काढा, एक कोऱ्या कार्डावर आणि एक हजेरीचं ॲप्लेट बसल्यावर. जमलं तर हजेरीच्या कोडमधल्या मेक-ट्रान्झियंटच्या, म्हणजे रॅममधले अ‍ॅरे मागणाऱ्या, ओळीही पाठवा. त्यावरून कोणता बफर हलवायचा आणि सी७ ला किती मर्यादा लावायची ते नेमकं सांगता येईल.